पाणी कुठं मुरतंय ते आधी बघ

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. शाळेच्या लॅबमध्ये १० मिली सायक्लोहेक्झॅनॉल (हे अल्कोहोल) आणि ४ मिली फॉस्फोरिक अ‍ॅसिड (८५ टक्केवालं) घेऊन सायक्लोहेक्झीन बनवलंस. डिस्टिल केलंस (उकळून, वाफ गार करून परत लिक्विड गोळा केलंस), सोडियम कार्बोनेटने धुतलंस, मिठाच्या पाण्याने धुतलंस, पाणी शोषायला कॅल्शियम क्लोराइड टाकून पाच मिनिटं ठेवलंस आणि परत डिस्टिल केलंस. दुसऱ्या वेळी ७० ते ७४ डिग्रीला साधारण २ मिली दुधाळ काहीतरी आलं, ते अशुद्ध म्हणून फेकून दिलंस. ८० ते ८४ ला आलेलं ठेवलंस, ते भरलं ३.१ ग्रॅम. तुझ्या हिशोबाने यील्ड (जितका माल मिळायला हवा त्यातला हातात आलेला भाग) ३२ टक्के, आणि तेही लिक्विड किंचित गढूळ. ब्रोमीन वॉटरचा रंग मात्र झटक्यात गेला म्हणून ग्रुपमधले सगळे म्हणतायत की प्युअरच आहे. तर मग माल गेला कुठे, आणि गढूळ का?

बरीच वर्षं हे प्रॅक्टिकल मुलांकडून करून घेतलंय, त्यामुळे तुझा ७० ते ७४ चा आकडा वाचला तेव्हाच लक्षात आलं. जे २ मिली फेकलंस ना, ते जवळजवळ सगळं सायक्लोहेक्झीनच होतं. तुझा प्रॉडक्ट. सिंकमध्ये.

कसं ते सांगते. सायक्लोहेक्झीन एकटं असेल तर ८३ डिग्रीला उकळतं, पाणी १०० ला. दोघं एकमेकांत जवळजवळ मिसळत नाहीत, आणि न मिसळणारी दोन लिक्विडं एकाच फ्लास्कमध्ये तापवली की प्रत्येक जण आपापला वाफेचा दाब वेगळा देतो, दुसरा तिथे आहे याची फिकीर न करता. दोघांच्या दाबाची बेरीज हवेच्या दाबाएवढी झाली की उकळी फुटते, आणि ती बेरीज साहजिकच लवकर होते, ८३ च्या कितीतरी आधी. सायक्लोहेक्झीन आणि पाणी ही जोडी ७१ डिग्रीच्या आसपास उकळते आणि त्या वाफेत वजनाने साधारण ९० टक्के सायक्लोहेक्झीन आणि १० टक्के पाणी असतं. याला अझिओट्रोप म्हणतात. वाफ कंडेन्सरमध्ये थंड झाली की दोघं परत वेगळी व्हायला लागतात, पाण्याचे बारीक थेंब लिक्विडमध्ये तरंगतात आणि सगळं दुधाळ दिसतं. म्हणजे तू पाहिलंस ते अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं झालं, फक्त त्याचा अर्थ उलटा लावला गेला.

आता हिशोब बघ, मला हा हिशोब फार आवडतो. समज तुझ्या फ्लास्कमध्ये फक्त ०.२ मिली पाणी राहिलं होतं. ड्रॉपरचे चार थेंब. ते चार थेंब बाहेर पडताना आपल्या नऊपट वजनाचं सायक्लोहेक्झीन सोबत घेऊन जातात, म्हणजे १.८ ग्रॅम, म्हणजे २ मिलीच्या वर. चार थेंब पाण्याने तुझ्या प्रॉडक्टचा जवळपास एक तृतीयांश भाग ओढून नेला आणि आपण तो कचरा म्हणून फेकला! म्हणून मी मुलांना सांगते की यील्ड कमी आलं की आधी रिअ‍ॅक्शनला दोष देऊ नका, पाणी कुठं मुरतंय ते शोधा.

तुझ्या केसमध्ये ते दोन ठिकाणी मुरलंय असं मला वाटतं. एक, कॅल्शियम क्लोराइडला फक्त पाच मिनिटं दिलीस. दोन, काच ओली होती. कदाचित आणखी एक, सेपरेटिंग फनेलमधून थर काढताना पाण्याचा एखादा थेंब सोबत आला असेल.

आधी ड्रायिंग एजंटचं, म्हणजे पाणी शोषणाऱ्या पदार्थाचं घे, कारण यात सगळ्यात जास्त घाई होते. निर्जल कॅल्शियम क्लोराइड पाणी भरपूर धरतं पण सावकाश धरतं, त्याला निदान १५-२० मिनिटं तरी पाहिजेत, मधूनमधून हलवत, बूच लावून. मॅग्नेशियम सल्फेट असेल तर काम लवकर होतं पण ते पावडरसारखं असल्याने नंतर गाळावंच लागतं आणि पावडरीत लिक्विड अडकून राहतं. पाच मिनिटांत लिक्विड कोरडं झालं का हे घड्याळाने ठरवायचं नसतंच मुळी, डोळ्यांनी ठरवायचं. सुरुवातीला लिक्विड धुरकट असतं, कोरडं झालं की काचेसारखं स्वच्छ दिसतं, फ्लास्क उजेडासमोर धरून बघायचा. दुसरी खूण म्हणजे दाणे. पाणी शोषलेले दाणे एकमेकांना चिकटून तळाला ढेकूळ होतात. सगळेच चिकटले असतील तर अजून थोडे टाक, आणि नवीन टाकलेल्यातले काही सुटे राहून फ्लास्क फिरवल्यावर खडखड करत इकडेतिकडे पळाले की समजायचं आता पुरे. पण म्हणून मूठभर ओतायचं नाही! दाण्यांच्या पृष्ठभागावर प्रॉडक्ट चिकटून राहतो, आणि आपलं एकूण लिक्विडच सहा-सात मिली, त्यातलं अर्धा मिली दाण्यांनी खाल्लं तर परवडत नाही. आणि हो, ड्रायिंग एजंट टाकायच्या आधी तळाला पाण्याचा दिसणारा थेंब असेल तर तो ड्रॉपरने काढून टाकायचा, कॅल्शियम क्लोराइड हे ओलसरपणा घालवण्यासाठी आहे, तळं उपसण्यासाठी नाही.

मग लिक्विड निथळून किंवा कापसाच्या छोट्या बोळ्यातून गाळून कोरड्या फ्लास्कमध्ये घ्यायचं आणि दाणे मागेच ठेवायचे. काही मुलं दाण्यांसकट डिस्टिल करतात, "अजून कोरडं होईल" म्हणून. उलटं होतं. धरलेलं पाणी तापवल्यावर दाणे परत सोडतात, म्हणजे केलेलं सगळं काम पाण्यात.

आता काच. पहिलं डिस्टिलेशन झालं की सगळे तोच फ्लास्क, तोच कंडेन्सर नळाखाली धुतात आणि दुसऱ्या डिस्टिलेशनला तसाच लावतात. कंडेन्सरच्या आतल्या नळीत जी ओल राहते ती चार थेंबांपेक्षा जास्तच असते, नुसता झटकून बघ! शेवटी ठेवलेलं लिक्विडही गढूळ आलं याचं कारण मला बहुतेक हेच दिसतं. विचार कर, ७१ ला पाणी निघून गेल्यावर नंतर ८३ ला येणारं खरं तर स्वच्छच यायला पाहिजे, तरी गढूळ आलं म्हणजे वाटेत किंवा रिसीव्हरमध्ये (थेंब गोळा होतात त्या भांड्यात) ओल होती. शक्य असेल तर दुसऱ्या डिस्टिलेशनसाठी काचेचा वेगळा सेट आदल्या दिवशी ओव्हनमध्ये वाळवून ठेवायचा. नसेल तर अ‍ॅसिटोनने खळबळून तो पूर्ण उडून जाईपर्यंत थांबायचं, नाहीतर पाण्याऐवजी अ‍ॅसिटोन येईल, आणि अ‍ॅसिटोन ५६ ला उकळतं, म्हणजे थर्मामीटरवर आणखी एक गोंधळ.

आता मागे जाऊ, पहिल्या डिस्टिलेशनकडे, कारण थोडा माल तिथेही गेला असणार.

अगदी सुरुवात म्हणजे मोजणी. सायक्लोहेक्झॅनॉल २५ डिग्रीच्या आसपास गोठतं. गारठा असेल तर बाटलीत पांढरा गोळा झालेला असतो, कोमट पाण्यात बाटली ठेवली की वितळतो. वितळलं तरी ते तेलासारखं जाड, मेजरिंग सिलिंडरच्या भिंतीला चिकटतं. तू १० मिली मोजलंस पण फ्लास्कमध्ये १० मिली पडलं का? अर्धा मिली सहज सिलिंडरमध्ये राहतं. म्हणून मी थेट फ्लास्कमध्येच वजन करून घ्यायला लावते, रिकामा फ्लास्क, मग भरलेला, वजाबाकी. तोच आकडा यील्डला वापरायचा.

अ‍ॅसिड थेंबथेंब, फ्लास्क गार पाण्यात धरून, फिरवत फिरवत टाकायचं. नीट मिसळलं नाही तर जड अ‍ॅसिड तळाला बसतं, आणि मग तापवल्यावर तळ करपतो. गॉगल आणि ग्लोव्ह्ज आहेतच, ते सांगत बसत नाही. फॉस्फोरिकच का, सल्फ्युरिक का नाही असं खूप जण विचारतात. सल्फ्युरिकने पण होतं, पण ते ऑक्सिडायझिंग आहे, सगळं काळं करतं, सल्फर डायऑक्साइड निघतो आणि तो डिस्टिलेटमध्ये जातो, शिवाय बनलेल्या सायक्लोहेक्झीनच्या साखळ्या जुळून डांबरासारखं काहीतरी तयार होतं. फॉस्फोरिक त्या मानाने शहाणं अ‍ॅसिड. आणि ते इथे कॅटॅलिस्ट आहे, खर्च होत नाही, अल्कोहोलच्या ओएचला प्रोटॉन देतं, तो पाणी होऊन सुटतो, मग शेजारच्या कार्बनवरचा एक हायड्रोजन निघतो आणि डबल बाँड तयार होतो.

ही रिअ‍ॅक्शन उलटही जाते, हे डोक्यात ठेव. पाणी आणि सायक्लोहेक्झीन दोन्ही फ्लास्कमध्येच कोंडून ठेवलीस तर ती परत जुळून अल्कोहोल होतं, अर्धवट कुठेतरी तोल साधून थांबतं. आपण बनेल तसं बाहेर काढत राहतो म्हणून ती पुढे सरकते. म्हणजे इथे डिस्टिलेशन हे फक्त वेगळं करण्यासाठी नाहीये, रिअ‍ॅक्शन त्याच्या जिवावरच चालते. म्हणून पहिल्या वेळी रिफ्लक्स (वाफ गार करून परत त्याच फ्लास्कमध्ये सोडणं) करत बसायचं नाही, सरळ हळूहळू डिस्टिल करायचं.

हळूहळू म्हणजे किती, तर कंडेन्सरमधून दर एक-दोन सेकंदाला एक थेंब. धार लागली तर हीट कमी कर. इथेही थर्मामीटर ७० च्या पुढेमागे दाखवेल, ८३ नाही, आणि मुलं घाबरून सरांना बोलावतात. घाबरायचं कारण नाही, तीच पाण्याची जोडी. उलट इथे ती आपल्या फायद्याची आहे. १० मिली म्हणजे ९.६ ग्रॅम अल्कोहोलपासून जास्तीत जास्त ७.८७ ग्रॅम सायक्लोहेक्झीन आणि १.७ ग्रॅम पाणी बनतं, अ‍ॅसिडमधलं स्वतःचं एक ग्रॅम पाणी वेगळंच. एवढं पाणी सगळं सायक्लोहेक्झीन ७१ ला बाहेर न्यायला पुरून उरतं. सायक्लोहेक्झीन संपत आलं की थर्मामीटर चढायला लागतो, आणि ९० च्या पुढे गेला की थांबायचं, कारण सायक्लोहेक्झॅनॉलही पाण्याशी अशीच जोडी करतं आणि ती ९८ च्या आसपास येते. एकट्याने ते १६१ ला उकळतं म्हणून "ते कसं येईल एवढ्यात" असं वाटतं, पण पाण्याचा हात धरून येतं. हीट जोरात ठेवलीस तर सुरुवातीपासूनच येत राहतं. लॅबमध्ये छोटा फ्रॅक्शनेटिंग कॉलम (जास्त तापमानाला उकळणारं मागे परतवणारी उभी नळी) असेल तर लाव, त्याने हे बरंच थांबतं, पण मग कॉलममध्येच एखादा मिली अडकून राहतो हेही लक्षात घे. एवढ्या कमी मालाला मी स्वतः साधी मांडणी आणि संयम पसंत करते.

थर्मामीटरचा फुगा बाजूच्या नळीच्या तोंडासमोर पाहिजे, ना वर ना खाली. वर गेला तर वाफ त्याला नीट भिजवत नाही आणि कमी दाखवतो, खाली लिक्विडच्या जवळ गेला तर जास्त दाखवतो. तुझे आकडे ८० ते ८४ असे पसरलेत, त्यात थोडा हात याचाही असू शकतो.

उकळी दचकू नये म्हणून अँटी बम्पिंगचे दाणे गार असतानाच टाकायचे. विसरलास किंवा विसरलीस तर हीट बंद, पूर्ण गार, मग टाकायचे, तापलेल्या लिक्विडमध्ये टाकले तर सगळं एकदम उसळून वर येतं. आणि दुसऱ्या डिस्टिलेशनला नवीन दाणे, जुन्यांच्या छिद्रांत लिक्विड भरलेलं असतं, ते काही कामाचे राहत नाहीत.

कंडेन्सरचं पाणी खालून आत, वरून बाहेर, म्हणजे जॅकेट भरलेलं राहतं. (याला सगळे लिबिग कंडेन्सर म्हणतात, पण त्याचं वर्णन वायगेल नावाच्या जर्मन माणसाने १७७१ मध्ये करून ठेवलं होतं आणि लिबिगचा जन्म १८०३ चा! लिबिगने तो सगळीकडे पोहोचवला म्हणून नाव त्याचं.) रिसीव्हर बर्फाच्या पाण्यात ठेव. सायक्लोहेक्झीन भराभर उडतं, आणि उडालेला माल म्हणजे यील्डही गेलं आणि लॅबभर तो घाणेरडा वासही. आणि प्रश्न नुसत्या वासाचा नाहीये, त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, टेबलावरून सरपटत जाते आणि लगेच पेट घेते. म्हणून बर्नर नाही, हीटिंग मँटल किंवा वाळूचं बाथ, आणि शेजारच्या टेबलावरही कुणाचा बर्नर चालू नको. पण मांडणी पूर्ण बंदही करायची नाही, रिसीव्हरजवळ हवेला वाट हवीच, सगळीकडून बूच मारून तापवणं म्हणजे बॉम्ब.

धुण्याबद्दल. पहिल्या डिस्टिलेटमध्ये दोन थर असतात, वर सायक्लोहेक्झीन (घनता ०.८१) आणि खाली पाणी. त्यात काय काय लपलंय हे आधी स्वतःला विचारायचं: पाणी, उडून आलेला अ‍ॅसिडचा अंश, आणि न बदललेलं सायक्लोहेक्झॅनॉल. प्रत्येकाची सोय वेगळी. सोडियम कार्बोनेटचं द्रावण अ‍ॅसिडचा बंदोबस्त करतं. त्यात कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणून बूच लावून एकदा हलवलं की लगेच फनेल उलटा करून, नळी कुणाच्या तोंडाकडे नाही अशी धरून, तोटी उघडून गॅस सोडायचा, परत हलवायचं, परत सोडायचा, फुस्स आवाज बंद होईपर्यंत. अ‍ॅसिड तसंच राहिलं तर दुसऱ्या डिस्टिलेशनला तापल्यावर ते परत आपले उद्योग सुरू करतं.

मिठाचं पाणी सॅच्युरेटेडच पाहिजे, चमचाभर मीठ टाकलेलं नाही. तळाला न विरघळलेलं मीठ दिसलं पाहिजे, मग वरचं पाणी घ्यायचं. मीठ पाण्याला एवढं गुंतवून ठेवतं की पाणी सायक्लोहेक्झीनला आपल्यात फारसं घेत नाही, उलट सायक्लोहेक्झीनमध्ये शिरलेलं पाणी ओढून बाहेर काढतं. खालचा थर आणखी जड झाल्याने दोघं पटकन वेगळी होतात. मधे जो फेसासारखा पट्टा राहतो तोही बसतो. थोडक्यात अर्धं वाळवण इथेच होतं, म्हणून हे धुणं शेवटी करायचं, सोडियम कार्बोनेटच्या नंतर, आणि तू तसंच केलंस ते बरोबर आहे.

सायक्लोहेक्झॅनॉल मात्र या धुण्याने फारसं जात नाही, साध्या पाण्यातही ते १०० मिलीत साडेतीन-चार ग्रॅमच विरघळतं, मिठाच्या पाण्यात आणखी कमी. ते जातं दोन ठिकाणी. एक कॅल्शियम क्लोराइडवर, कारण कॅल्शियम क्लोराइड अल्कोहोललाही धरून ठेवतं, म्हणूनच या प्रॅक्टिकलमध्ये सहसा तेच देतात. आणि उरलेलं दुसऱ्या डिस्टिलेशनला फ्लास्कमध्ये मागे राहतं.

थर सोडताना वरचं बूच काढायला विसरू नकोस, नाहीतर तोटी उघडूनही खाली काही येत नाही आणि मुलं तोटीला दोष देतात. आणि कुठलाही थर शेवटचं वजन होईपर्यंत टाकायचा नाही. हा नियम मी एकदा फार महागात शिकले. एका बॅचला "पाण्याचा थर टाकून द्या" असं सांगून मी दुसऱ्या टेबलाकडे वळले, आणि दोन ग्रुपनी वरचा थर टाकला, कारण त्याआधीच्या प्रॅक्टिकलमध्ये प्रॉडक्ट खाली होता आणि त्यांच्या डोक्यात तेच बसलं होतं. तेव्हापासून प्रत्येक थराला लेबल लावलेला बीकर. शंका आली तर थरावर एक थेंब पाणी टाकून बघायचं, ज्या थरात तो नाहीसा होतो तो पाण्याचा.

दुसऱ्या डिस्टिलेशनला फ्लास्क लहान घे, २५ मिलीचा असला तर उत्तम. सहा मिली लिक्विड १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये घातलं तर शेवटी सगळा फ्लास्क नुसत्या वाफेनेच भरलेला राहतो आणि गार झाल्यावर ते भिंतींवर चिकटतं. रिसीव्हर आधी वजन करून ठेव. ८१ ते ८५ ला येणारं घ्यायचं. आधी थोडंसं ७० च्या घरात आलं तर ते फेकायचं नाही, वेगळ्या छोट्या टेस्टट्यूबमध्ये धरायचं, त्यात कॅल्शियम क्लोराइड टाकून परत वाळवता येतं. तळाशी एखादा मिली उरला की थांबायचं, कोरडं होईपर्यंत तापवायचं नाही. सायक्लोहेक्झीन हवेत पडून राहिलं की त्यात पेरॉक्साइड तयार होतात, आणि ती फ्लास्कच्या तळाला साठून तापली तर स्फोट होऊ शकतो. ताज्या मालात ही भीती जवळपास नसते पण सवय आत्ताच लागलेली बरी.

तुझी जागा उंचावर असेल तर सगळे आकडे थोडे खाली सरकतील हेही धर. हवेचा दाब १० मिलिमीटर पाऱ्याने कमी झाला की अशा लिक्विडचा बॉइलिंग पॉइंट साधारण अर्ध्या डिग्रीच्या आसपास उतरतो.

आता यील्डचा हिशोब. ३२ टक्के कुठून आले ते मला कळलं, ३.१ ला ९.६ ने भागलंस. असं ग्रॅमला ग्रॅमने भागायचं नसतं, कारण १०० ग्रॅम अल्कोहोलमधून १८ ग्रॅम पाणी जाणारच आहे, ते काही तू हरवलेलं नाहीये. सायक्लोहेक्झॅनॉलचं मोलर मास १००.१६, म्हणजे ९.६ ग्रॅम म्हणजे ०.०९५८ मोल. तेवढेच मोल सायक्लोहेक्झीन (मोलर मास ८२.१४) म्हणजे ७.८७ ग्रॅम. ३.१ भागिले ७.८७, ३९ टक्के. फेकलेल्या २ मिलीत दीड ग्रॅमच्या वर सायक्लोहेक्झीन होतं, ते मिळवलं तर ५८-५९ टक्के. शाळेच्या लॅबमध्ये, हाताने, एवढ्या कमी मालावर ५५-६५ टक्के आलं की मी वहीवर सही करते. कुणी ९५ टक्के लिहून आणलं तर मी आधी त्याचं लिक्विड उजेडात धरून बघते, बहुतेक वेळा त्यात पाणीच असतं, पाण्यालाही वजन असतंच की.

आणि ब्रोमीन वॉटर. यावरून ग्रुपशी वाद घालायचा असेल तर मी तुझ्या बाजूने आहे. रंग गेला याचा अर्थ एवढाच की डबल बाँडवालं काहीतरी आत आहे. अर्धं सायक्लोहेक्झॅनॉल मिसळलेलं असतं तरी रंग गेलाच असता, निम्मं पाणी असतं तरी गेलाच असता. ही ओळख पटवायची टेस्ट आहे, शुद्धतेची नाही. शुद्धता बघायची तर बॉइलिंग पॉइंट किती अरुंद पट्ट्यात राहतो ते बघ, दोन डिग्रीच्या आत राहिला तर चांगलं. रिफ्रॅक्टोमीटर (लिक्विडमध्ये प्रकाश किती वाकतो ते मोजणारं यंत्र) मिळाला तर आणखी छान, २० डिग्रीला सायक्लोहेक्झीनचा आकडा १.४४६ आणि सायक्लोहेक्झॅनॉलचा १.४६५ च्या जवळ, फरक छोटा वाटतो पण यंत्राला सहज दिसतो. आयआर (इन्फ्रारेड किरण कुठे शोषले जातात त्याचा आलेख) काढून देणारं कुणी ओळखीचं असेल तर ३२०० ते ३६०० cm⁻¹ च्या मधे रुंद खड्डा आहे का तेवढं विचार, असेल तर ओएच अजून आत आहे, अल्कोहोलचा किंवा पाण्याचा.

पुढच्या वेळी दुसरं लिक्विड बनवायला दिलं तर हीच पायरी डोळे झाकून वापरू नकोस. इथाइल अ‍ॅसिटेट असेल तर वाळवायला निर्जल कॅल्शियम क्लोराइड नको, ते या एस्टरलाही धरून ठेवतं, सोडियम सल्फेट किंवा मॅग्नेशियम सल्फेट घ्यायचं. कॅल्शियम क्लोराइडचं पाण्यातलं द्रावण मात्र तिथे धुवायला वापरतात, उरलेलं इथेनॉल काढायला. आणि १-ब्रोमोब्युटेन पाण्यापेक्षा जड, घनता १.२७, म्हणजे तिथे खालचा थर आपला. वर सांगितलेले दोन ग्रुप याच्यामुळेच फसले होते.

आता हातात असलेल्या त्या ३.१ ग्रॅमचं काय करायचं. कोरड्या छोट्या फ्लास्कमध्ये घे, कॅल्शियम क्लोराइडचे पाच-सहा दाणे टाक, बूच लावून अर्धा तास ठेव, हलवत राहा. स्वच्छ झालं की कोरड्या, वजन केलेल्या बाटलीत निथळून घे आणि परत वजन कर, थोडं कमी भरेल. परत डिस्टिल करू नकोस, एवढ्याशा मालातून निम्मं काचेलाच जाईल. वहीत दोन्ही वजनं लिही, आणि ७० ते ७४ चं २ मिली फेकलं हेही लिही, लपवू नकोस, तपासणाऱ्याला त्या ओळीवरूनच कळेल की काय झालं ते तुला समजलंय. बाटलीवर नाव आणि तारीख टाकून ती गार, अंधाऱ्या जागी ठेव, आणि टेस्ट आटोपल्या की उरलेलं सिंकमध्ये न ओतता ऑरगॅनिक वेस्टच्या डब्यात. ब्रोमीन वॉटर टाकलेल्या टेस्टट्यूबचं मात्र हॅलोजनवाल्या वेगळ्या डब्यात.